शटडाउन केलं की बॉइंकमधलं काम मागं जातं. वाचवायचं कसं?

वसमतचे_सर

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय माझं नेमकं कुठं चुकतंय ते तुम्हाला कळायचं नाही.

मी भौतिकशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं लायगो-इंडियाला, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला, 2600 कोटी रुपये मंजूर केले. ही वेधशाळा आमच्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात होणार म्हटल्यावर गल्लीतली पोरं घरी यायला लागली. "सर, तिथं नेमकं काय मोजणार?" चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यात लेझर, आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याइतका लांबीतला फरक. हे फळ्यावर काढून दाखवता येतं, पण पोरांच्या हाताला काही लागत नाही. मग मला आइनस्टाइन ॲट होम सापडलं. अमेरिकेतल्या लायगोच्या नोंदी तुकड्यातुकड्यांनी आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर येतात आणि गरगर फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या लहरी त्यात आहेत का, ते आपलं मशिन शोधतं. पोरांना दाखवायला यापेक्षा चांगलं काय असणार?

मशिन जुनं आहे. आय-फाइव्ह, चार कोअर, 8 जीबी रॅम, विंडोज 10. बॉइंक, म्हणजे अशा प्रकल्पांची कामं घरच्या मशिनवर आणून चालवणारा प्रोग्रॅम, टाकलं, आइनस्टाइन जोडलं आणि मागोमाग हवामानाचा एक प्रकल्पही जोडला. घरची तीन एकर हळद आहे. पावसाचं गणित कुणीतरी नीट मांडावं असं मनापासून वाटतं, आणि त्यात माझ्या मशिनचा हात लागत असेल तर मला ते मोलाचं आहे.

आता अडचण. मशिन चोवीस तास चालू ठेवणं मला जमत नाही. उन्हाळ्यात ती खोली भट्टीसारखी तापते. सकाळी सातला सुरू करतो, दुपारी तासभर बंद ठेवतो, रात्री दहाला स्टार्ट मेनूतून शटडाउन. दिवसाचे 14 तास धरा. परवा रात्री बंद करताना हवामानाच्या कामावर 43.217 टक्के होते. मी रोज वहीत लिहून ठेवतो म्हणून तिन्ही दशांश स्थळांसह सांगतोय. सकाळी सुरू केलं तर 42.480. त्याच्या आदल्या दिवशीही तसंच. आइनस्टाइनच्या कामात फरक इतका बारीक पडतो की वहीत लिहावासाही वाटत नाही.

वही चाळताना आणखी एक गोष्ट दिसली. हे हवामानाचं काम तासाला 0.9 टक्का सरकतं. घड्याळ लावून दोनदा मोजलंय. म्हणजे 14 तासांत साडेबारा टक्के व्हायला हवेत. प्रत्यक्षात होतात सात, कधी सव्वासात. रात्रीच्या शटडाउनमध्ये पाऊण टक्का जातो हे धरलं तरी उरलेले पाच टक्के जातात कुठं?

तिसरी गोष्ट. कणभौतिकीच्या एका प्रकल्पाचं काम घेतलं होतं, व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे मशिनच्या आत दुसरं मशिन उभं करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालणारं. पाच तास चाललं, लाइट गेली, इन्व्हर्टर लागला तरी मशिन रिस्टार्ट झालं आणि ते काम शून्यावरून सुरू झालं.

सेटिंगमध्ये चेकपॉइंटच्या पुढं 60 सेकंद लिहिलेलं आहे. मग दर मिनिटाला सेव्ह व्हायला नको का? आणि वर्डमध्ये असतं तसं सेव्हचं बटण यात कुठं आहे? मी सगळे मेनू उघडून पाहिले.

शेवटचं, आणि मला सगळ्यात जास्त टोचणारं. काम असं वारंवार तुटल्यामुळं तिकडं शास्त्रज्ञांकडं चुकीचा आकडा तर जात नसेल ना? तसं असेल तर मी आजच हे बंद करीन. वेळ वाया गेला तर चालेल, पण कुणाच्या संशोधनात माझ्यामुळं खोट जायला नको.

---

रात्रपाळी

सर, नमस्कार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे तुम्ही आज बंद करणार नाही. चुकीचा आकडा जात नाही. काम मागं जातं ते शेवटच्या नीट लिहिलेल्या जागेवर, आणि तिथून तेच गणित पुन्हा होतं. शिवाय आइनस्टाइनमध्ये एकच काम दोन वेगवेगळ्या लोकांच्या मशिनवर जातं, दोन्ही उत्तरं जुळली तरच धरतात. जुळली नाहीत तर तिसऱ्याकडं पाठवतात. 2010 मध्ये असाच एक पल्सार, म्हणजे गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा सापडला, सेकंदाला सुमारे 41 गिरक्या घेणारा. अरेसिबो रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी होत्या आणि ज्या मशिनवर तो दिसला त्यातलं एक अमेरिकेत आयोवातल्या घरात होतं, दुसरं जर्मनीत. तुमची वेळ वाया जातेय एवढंच, आणि ती वाचवता येते.

सेव्हचं बटण मात्र नाही, कारण सेव्ह करणं बॉइंकच्या हातात नसतं. गणित करणारा प्रोग्रॅम त्या त्या प्रकल्पाचा असतो. तुम्ही शिक्षक आहात म्हणून असं सांगतो: रॅम म्हणजे पाटी आणि डिस्क म्हणजे वही. गणित पाटीवर चालतं. मधूनमधून प्रोग्रॅम ते वहीत उतरवतो, तो चेकपॉइंट. लाइट गेली किंवा प्रोग्रॅम बंद झाला की पाटी पुसली, वहीत असेल तेवढंच उरलं. आता मोठ्या गुणाकारात हातचे घेतलेले असताना मध्येच वहीत उतरवलं तर पुढं काही जुळणार नाही, ओळ पूर्ण व्हावी लागते. आइनस्टाइनची ओळ छोटी आहे, मिनिटा-दोन मिनिटांत पूर्ण होते. हवामानाच्या मॉडेलला त्याच्या आतलं कॅलेंडर ठराविक अंतर पुढं सरकल्यावरच सगळी पृथ्वी, म्हणजे वारा, तापमान, बाष्प, जमिनीतली ओल, एका दमात लिहून ठेवता येते. जुन्या मशिनवर त्याला पाऊण-एक तास लागणं अगदी साहजिक आहे. तुमचा रात्रीचा 0.737 टक्का म्हणजे तुमच्याच वेगानं 49 मिनिटं. हिशोब बसतो.

त्या 60 सेकंदांचा अर्थ बहुतेक सगळे उलटा घेतात. ते वाक्य पुन्हा वाचा, त्यात "ॲट मोस्ट" आहे. म्हणजे "मिनिटाला एकदा तरी लिही" असं नाही, तर "मिनिटातून एकदापेक्षा जास्त लिहू नकोस". डिस्कची झीज आवरायला ठेवलेला तो लगाम आहे. तिथं 10 टाकलंत तरी हवामानवाला लवकर लिहिणार नाही.

आता तुमचे हरवलेले पाच टक्के. मला खात्री आहे की "सस्पेंड व्हेन कॉम्प्युटर इज इन यूज" या ओळीवर तुमची टिक आहे, आणि डिस्क अँड मेमरीच्या टॅबमधली "लीव्ह नॉन-जीपीयू टास्क्स इन मेमरी व्हाइल सस्पेंडेड" ही टिक नाही. या दोन्हींची जोडी घातक. तुम्ही मेल बघायला माऊस हलवला की काम थांबतं. नुसतं थांबलं असतं तर प्रश्न नव्हता, पण मेमरीत ठेवायची परवानगी नसल्यानं ते रॅममधून पूर्ण बाहेर काढलं जातं. पाटी पुसली. तुम्ही उठून गेलात की पुन्हा जुन्या चेकपॉइंटपासून सुरुवात. दिवसातून आठ-नऊ वेळा मशिनवर बसत असाल तर दर वेळी सरासरी 25 मिनिटं त्यात जातात आणि वर थांबलेला वेळ वेगळा. रात्रीचं शटडाउन तुम्हाला डोळ्यांनी दिसतं म्हणून तुम्ही ते पकडलंत. खरी गळती दिवसाची आहे.

मेमरीवाली टिक लगेच लावा. इन यूजवाली काढून टाका आणि त्याऐवजी सीपीयू 75 टक्के करा, म्हणजे तीन कोअर कामाला आणि एक तुम्हाला. खोलीही थोडी कमी तापेल.

रात्री बंद करताना: ॲडव्हान्स्ड व्ह्यूमध्ये काम निवडून डावीकडं प्रॉपर्टीज दाबा. तिथं "सीपीयू टाइम सिन्स चेकपॉइंट" अशी ओळ आहे. त्यात दिसेल तेवढाच वेळ तुम्ही त्या क्षणी गमावणार. दोन मिनिटं दिसत असेल तर बंद करा, 45 मिनिटं दिसत असेल तर जेवून या. सारखं उघडून बघायचा कंटाळा येत असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबून इव्हेंट लॉगच्या यादीत चेकपॉइंट डीबगवर टिक लावा, म्हणजे वहीत उतरवलं की लॉगमध्ये ओळ येते.

आणि स्टार्ट मेनूतून थेट शटडाउन करू नका. विंडोज प्रोग्रॅमना आवरायला मोजकेच सेकंद देतं, मग मान धरून बाहेर काढतं. मॉडेल नेमकं फाइल लिहीत असेल तर हवामानाची कामं कधीकधी मुळातूनच बिघडतात. आधी फाइल मेनूतून एक्झिट बॉइंक, त्यात चालू कामं थांबवायची टिक ठेवा, अर्धा-एक मिनिट थांबा, मग शटडाउन. नुसतं सस्पेंड करून भागत नाही. सस्पेंड केल्यानं चेकपॉइंट लिहिला जात नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

माझं पहिलं काम सेटी ॲट होमचं, म्हणजे परग्रहावरच्या जीवांचे रेडिओ संकेत शोधणाऱ्या प्रकल्पाचं होतं, 2001 साली, 64 एमबी रॅमच्या मशिनवर. 31 मार्च 2020 ला त्यांनी नवीन कामं पाठवणं थांबवलं तोपर्यंत चालवलं. तुमच्यासारखी वही मात्र मी कधी ठेवली नाही, आणि आज तिचा फार हेवा वाटतो.

---

जालना_इन्व्हर्टर

मला बॉइंकमधलं काही समजत नाही. मुलगा चालवतो म्हणून हा धागा उघडला, पण सरांच्या तिसऱ्या प्रश्नावर मला बोलता येतं. माझा धंदाच तो आहे.

सर, तुमच्या इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला, बॅटरीच्या वायरी जिथून निघतात तिथं जवळच एक लहान काळं बटण असेल. एका बाजूला यूपीएस लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. बसवणारा माणूस ते बहुतेक वेळा नॉर्मलवर ठेवून जातो. नॉर्मलवर लाइटवरून बॅटरीवर जायला 30-40 मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात. पंख्याला, ट्यूबला ते कळतही नाही. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात मात्र पंधरा-सोळा मिलिसेकंद तग धरण्यापुरतीच वीज साठलेली असते. यूपीएसवर केलं की हा वेळ दहाच्या आसपास येतो आणि कॉम्प्युटर चालू राहतो.

पण यूपीएसवर टाकलं की इन्व्हर्टर व्होल्टेजच्या बाबतीत काटेकोर होतो. 180 च्या खाली गेलं की लगेच बॅटरी घेतो. गावात संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतंच, मग लाइट असूनही बॅटरी उतरत राहते. तुमच्याकडं तसं होत असेल तर बटण नॉर्मलवरच राहू द्या आणि कॉम्प्युटरपुरता 600 व्हीएचा छोटा यूपीएस वेगळा घ्या. आधी एकदा मीटर लावून सात-आठच्या सुमाराला व्होल्टेज बघा, मग ठरवा. बटण हलवताना इन्व्हर्टर बंद असू द्या. बॅटरीतलं पाणीही बघून घ्या, उन्हाळ्यात लवकर आटतं.

---

वसमतचे_सर

सगळ्यांचे मनापासून आभार. अकरा दिवस मुद्दाम काही लिहिलं नाही. आकडे हातात आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

रात्रपाळी, दोन्ही टिकांबद्दल तुमचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. इन यूजवर टिक होती आणि मेमरीवर नव्हती. पहिल्या दिवशीच मशिन आपण होऊन थांबलं नाही, मी हळदीचे भाव बघत बसलो तरी मागं तीन कामं चालूच होती. मेल उघडायला थोडा वेळ जास्त लागतो, ते चालतं. तिन्ही कामं मिळून अडीच जीबी रॅम घेतात, त्यामुळं 8 मध्ये भागतंय. वहीतले शेवटचे चार दिवस: 12.1, 11.8, 12.3, 12.0. आधी सात यायचे!

रात्री मी आता पावणेदहाला लॉग उघडून बसतो. माझ्या मशिनवर हवामानाचा चेकपॉइंट 48 ते 51 मिनिटांनी येतो. मागची वेळ वहीत असते, त्यामुळं पुढची केव्हा येणार ते आधीच कळतं. परवा 10 वाजून 22 मिनिटांनी ओळ उमटली. एक्झिट केलं, मिनिटभर थांबलो, मग शटडाउन. बंद करताना 71.306, सकाळी उघडल्यावर 71.291. शेजारचा नववीतला एक मुलगा ती ओळ बघायला थांबला होता. "सर, आता तिनं आख्खी पृथ्वी लिहून ठेवली का?" असं त्यानं विचारलं. मी त्याला ती फाइल तयार झाल्याची वेळ दाखवली, 22:22. तो ती वेळ स्वतःच्या वहीत लिहून घेऊन गेला.

जालन्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणं बटण सापडलं. नॉर्मलवरच होतं. व्होल्टेज संध्याकाळी साडेसातला 172 भरलं, म्हणून बटण तसंच ठेवलं आणि छोटा यूपीएस घेतला. त्यानंतर तीनदा लाइट गेली, मशिन एकदाही रिस्टार्ट झालं नाही.

दोन गोष्टी राहिल्या. व्हर्च्युअलबॉक्सचं काम पुन्हा घ्यावं का? आणि हायबरनेट केलं तर हे लॉग बघत बसणं वाचेल का? फास्ट स्टार्टअप माझ्याकडं चालूच आहे, पण त्यानं काही फरक पडलेला दिसत नाही.

---

स्नेहल_नाशिक

सर, फास्ट स्टार्टअपमध्ये विंडोज स्वतःचा गाभा तेवढा डिस्कवर ठेवतं, आपले चालू प्रोग्रॅम बंदच करतं. त्यामुळं बॉइंकला त्याचा काही उपयोग नाही. हायबरनेटमध्ये मात्र सगळी रॅम डिस्कवर लिहिली जाते, म्हणजे रात्रपाळी दादांच्या भाषेत पाटीचाच फोटो काढून ठेवला. सकाळी काम त्याच जागेवरून पुढं चालतं, चेकपॉइंटची वाट बघायला नको. पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये जाऊन हायबरनेटवर टिक लावली की तो पर्याय स्टार्ट मेनूत दिसायला लागेल. आठवड्यातून एकदा मात्र एक्झिट करून नीट रिस्टार्ट करा. अपडेटसाठी विंडोजनं मध्येच स्वतःहून रिस्टार्ट घ्यावं यापेक्षा ते बरं.

व्हर्च्युअलबॉक्सच्या कामाचं वेगळं असतं. तिथं मशिनच्या आत दुसरं मशिन चालतं आणि बॉइंकमधून बाहेर पडताना त्या आतल्या मशिनची सगळी रॅम डिस्कवर उतरवावी लागते. जुन्या हार्ड डिस्कवर त्याला मिनिटापेक्षा जास्त लागतो, म्हणून एक्झिटनंतर डिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत शटडाउनला हात लावू नका. लाइट गेली तर तेवढा वेळच मिळत नाही, म्हणून तुमचं काम शून्यावर गेलं. यातली काही कामं मध्येच बाहेरच्या सर्व्हरशी बोलत असतात, रात्रभराचा खंड त्यांना झेपत नाही. तुमच्या 14 तासांत सुरू होऊन संपेल असं छोटं काम असेल तरच घ्या, आणि ते सकाळी सातला सुरू करा. 8 जीबीत हवामान आणि हे दोन्ही एकदम नको.

एक अजून. पुढच्या वेळी टक्के एकदम मागं गेलेले दिसले तर लगेच काम गेलं असं समजू नका. काही प्रोग्रॅम सुरुवातीला किती झालं ते सांगतच नाहीत, तेव्हा बॉइंक अंदाजानं आकडा दाखवतं. खरा आकडा आला की तो खाली येतो. वहीत टक्क्यांच्या शेजारी प्रॉपर्टीजमधला सीपीयू टाइमही लिहीत जा. टक्के उतरले आणि सीपीयू टाइम तेवढाच राहिला, तर काही गेलेलं नाही.

तो नववीतला मुलगा फोनवर बॉइंक टाकू का म्हणून विचारेलच. अँड्रॉइडवर चालतं. मूळ सेटिंग असं आहे की फोन चार्जिंगला असेल आणि बॅटरी 90 टक्क्यांच्या वर असेल तरच काम करतं. ते बदलू नका म्हणावं, आणि फोन उशीखाली ठेवून झोपू नको असंही सांगा.

---

वसमतचे_सर

स्नेहलताई, विचारलं त्यानं. कालच. सीपीयू टाइमचा रकाना आजपासून वहीत आखलाय. हायबरनेट आज रात्री करून बघतो, उद्या सकाळी दोन्ही आकडे इथंच टाकतो.